फोन ‘अनलॉक्ड’ आहे, मग रेंज का नाही?

अमेरिकेत शिकणारी भाची किंवा परदेशात नोकरी करणारा दादा सुट्टीला येताना फोन घेऊन येतो. खोक्यावर ठसठशीत ‘अनलॉक्ड’ लिहिलेलं असतं. घरचं सिम घातलं जातं आणि पुष्कळदा सगळं सुरळीत चालतंही. पण कधी इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही. कधी शहरात भरपूर रेंज असते आणि गावी गेलं की फोन मुका होतो. मग तो कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जातो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सॉफ्टवेअर मारून देतो, होईल.’

ते खरंच होईल का, हे एकाच गोष्टीवर ठरतं. फोनमध्ये कमी काय आहे, परवानगी की एखादा भाग? परवानगी सॉफ्टवेअरने देता येते. जो भाग कारखान्यात बसवलाच नाही, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही.

‘अनलॉक’ म्हणजे नेमकं कोणतं कुलूप उघडलं?

हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिलं कुलूप सिमचं. अमेरिकेतल्या कंपन्या हप्त्यावर किंवा सवलतीत फोन देतात आणि तो फक्त आपल्याच सिमवर चालेल अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालतात. अट काढली की फोन ‘अनलॉक्ड’ झाला. खोक्यावर लिहिलेलं असतं ते हेच.

दुसरं कुलूप बूटलोडरचं. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा हा छोटा प्रोग्राम पुढचं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे ना, हे तपासतो. ते कुलूप उघडलं, तर दुसरं सॉफ्टवेअर घालता येतं. सिम अनलॉक असलेल्या फोनचा बूटलोडर बंदच असू शकतो. सॅमसंगच्या अमेरिकी मॉडेल्समध्ये तो सहसा उघडताच येत नाही.

या दोन्ही कुलपांचा बँडशी काहीही संबंध नाही.

बँड म्हणजे काय?

मोबाइल आणि टॉवर एकमेकांशी रेडिओलहरींवर बोलतात. कोणत्या लहरी वापरायच्या, याचे पट्टे ठरवून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. तेच बँड. १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा म्हणजे बँड ३, ८५० चा बँड ५, ९०० चा बँड ८, २३०० चा बँड ४०. भारतातलं ४जी प्रामुख्याने यांवर आणि त्यांच्या जोडीला २१०० (बँड १) व २५०० (बँड ४१) या पट्ट्यांवर चालतं. अमेरिकेत मात्र बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ यांचं राज्य आहे. व्हेरायझनचा आधार ७०० मेगाहर्ट्झचा बँड १३, तर टी-मोबाइलचा दूरवर जाणारा बँड ६०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ७१. हे दोन्ही भारतात चालत नाहीत.

सगळे बँड सारख्या कामाचे नसतात. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी कमी अंतर जातात, पण त्या पट्ट्यांत जागा मोठी असल्याने वेग चांगला मिळतो. म्हणूनच ८५० किंवा ९०० चा बँड नसलेला फोन पुण्यात कदाचित काही जाणवू देणार नाही, पण कोकणातल्या डोंगराआडच्या वाडीत तोच फोन अडेल. आणि २३०० चा बँड नसलेल्या फोनला रेंज दिसेल, पण गर्दीच्या वेळी व्हिडिओ गरगरत राहील. अशी अर्धवट जुळणी सर्वांत फसवी, कारण फोन ‘चालतो’ आणि दोष सिमकंपनीला दिला जातो.

एकच नाव, दोन फोन

प्रत्येक बँडसाठी फोनच्या आत स्वतंत्र वाट लागते. नेमक्या त्याच लहरी आत घेणारी गाळणी म्हणजे फिल्टर, सिग्नल जोरात बाहेर फेकणारा अँप्लिफायर आणि त्या पट्ट्याला मानवणारा अँटेना. प्रत्येक वाटेला जागा लागते आणि पैसेही. म्हणून कंपन्या एकाच नावाचा फोन बाजारानुसार वेगवेगळा बांधतात.

२०१४ च्या आयफोन ६ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांनी विकलेलं मॉडेल होतं ए१५४९ आणि भारतात आलेलं ए१५८६. दिसायला जुळे भाऊ. पण बँड ३८ ते ४१ फक्त ए१५८६ मध्ये होते. २०१६ मध्ये जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ घेऊन आली, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या ए१५४९ ला त्यातले पहिले दोन पट्टे मिळत होते आणि तिसरा कायमचा बंद होता. तो कुठल्याही अपडेटने उघडणार नव्हता.

अलीकडचे महागडे फोन बहुतेक सगळे बँड घेऊन येतात, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे. स्वस्त फोन, जुने फोन आणि फक्त चीनच्या बाजारासाठी बनवलेली मॉडेल्स यांच्याबाबत तो अजून आहे. अमेरिकी आयफोनमध्ये आता निराळीच गंमत आहे: आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेल्सना सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम चालतं.

नेक्सस ४ ची गोष्ट

सॉफ्टवेअरने काय होतं आणि काय होत नाही, हे एका जुन्या फोनवरून जितकं स्पष्ट कळतं, तितकं क्वचितच कशावरून कळत असेल. गुगलसाठी एलजीने बनवलेला नेक्सस ४ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. तो ३जी फोन म्हणून विकला गेला. पण आयफिक्सिट या संस्थेने तो खोलून पाहिला, तर आत सात बँडची क्वालकॉमची एलटीई चिप निघाली!

मग हौशी लोक कामाला लागले. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबून उघडणाऱ्या छुप्या मेनूत नेटवर्कचा प्रकार बदलला, तर कॅनडात फोन चक्क ४जीवर जात होता. पण फक्त बँड ४ वर. असं का, याचं उत्तर आतल्या वाटांमध्ये आहे. बँड ४ च्या लहरी याच फोनच्या ३जीसाठीही वापरल्या जात होत्या, म्हणून त्या पट्ट्याची गाळणी, अँप्लिफायर, अँटेना आधीच बसवलेले होते. चिपला येणाऱ्या बाकीच्या एलटीई बँडसाठी बाहेरची वाटच बांधलेली नव्हती.

फेब्रुवारी २०१३ च्या अँड्रॉइड ४.२.२ अपडेटने ही पळवाट बुजवली. तेव्हा लोकांनी फोनमध्ये रेडिओचं जुनं फर्मवेअर पुन्हा घातलं आणि बँड ४ परत मिळवला. इथे फ्लॅशिंग खरोखर कामाला आलं, कारण भाग होता आणि परवानगी काढून घेतलेली होती.

त्याच सुमारास पुण्यात एअरटेलचं ४जी नुकतंच सुरू झालं होतं, २३०० मेगाहर्ट्झवर. पुण्यातल्या नेक्सस ४ वाल्याने कितीही फर्मवेअर बदललं असतं, तरी त्याला ते ४जी मिळालं नसतं.

परवानगीचं दुसरं उदाहरण बऱ्याच वाचकांनी स्वतः अनुभवलं असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झालं, तेव्हा आयफोन १२, १३, १४ मध्ये लागणारे बँड होतेच. तरी ५जी चालेना. डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ आलं आणि त्याच फोनवर ते चालू झालं. फोनमध्ये एक तारही बदलली नव्हती.

‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणजे काय?

फोनमध्ये खरं तर अनेक सॉफ्टवेअर असतात. स्क्रीनवर दिसतं ते अँड्रॉइड. त्याच्या खाली मोडेमचं स्वतंत्र फर्मवेअर असतं, तेच टॉवरशी बोलतं. त्याच्या सोबतीला कोणत्या कंपनीच्या सिमवर काय चालू ठेवायचं, याच्या याद्या असतात. ४जीवरून कॉल, म्हणजे व्होल्टी, चालणार की नाही हे बऱ्याचदा या यादीवर ठरतं. भारतात याला मोठं महत्त्व आहे. जिओकडे २जी-३जी कधीच नव्हतं, त्यामुळे व्होल्टी नसेल तर जिओवर साधा कॉल होत नाही. एअरटेलने ३जी केव्हाच बंद केलं, तिथे असा फोन कॉलसाठी २जीवर उतरतो.

फ्लॅशिंग म्हणजे हे सगळं पुसून फोनच्या मेमरीत नवं लिहिणं. त्याच मॉडेलसाठी कंपनीनेच काढलेलं दुसऱ्या प्रदेशाचं फर्मवेअर घातलं, तर व्होल्टी किंवा ५जी चालू होऊ शकतं. पण ‘त्याच मॉडेलसाठी’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. सॅमसंगच्या एस२१ मध्ये एसएम-जी९९१बी आणि एसएम-जी९९१यू ही नावं शेवटच्या एका अक्षराने वेगळी आहेत, आतली मुख्य चिप मात्र वेगळ्या कंपनीची आहे. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात बसत नाही.

धोके इथूनच सुरू होतात. पहिला, मागे जाता न येण्याचा. सुरक्षेसाठी अनेक कंपन्या जुनं फर्मवेअर घालायला मनाई करतात. २०१८ मध्ये भारतात लोकप्रिय असलेल्या रेडमी नोट ५ प्रोवर शाओमीने ही मनाई आणली, आणि सवयीने जुनं सॉफ्टवेअर घालायला गेलेल्यांचे फोन बंद पडले. चिनी मॉडेलवर ग्लोबल सॉफ्टवेअर घालून बूटलोडर पुन्हा बंद केला, तरी शाओमीचा फोन सुरू व्हायला नकार देऊ शकतो. सॅमसंगमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर शिरलं की नॉक्सचा एक फ्यूज कायमचा उडतो. त्यानंतर सिक्युअर फोल्डर परत मिळत नाही. बूटलोडर उघडा राहिला, तर बँकेची काही अ‍ॅप्स चालायला नकार देतात. ज्याचं दुकान यूपीआयवर चालतं, त्याच्यासाठी हा लहान तोटा नाही.

सर्वांत वाईट नुकसान ईएफएस नावाच्या एका छोट्या कप्प्याचं. त्यात फोनचा १५ अंकी आयएमईआय आणि त्या एकट्या फोनचा रेडिओ कारखान्यात मोजून, जुळवून घेतलेल्या नोंदी असतात. चुकीच्या फाइलने हा कप्पा पुसला, तर फोन सुरू होतो, फोटो काढतो, वायफायवर गाणी वाजवतो. फक्त नेटवर्क सापडत नाही. दुसऱ्या फोनच्या नोंदी आणून त्यात भरणं हा उपाय नव्हे. आधी त्या कप्प्याची प्रत काढून ठेवणारे कारागीर आहेत. न काढताच केबल जोडणारेही आहेत, आणि ग्राहकाला दोघांतला फरक समोरून कळत नाही. काहीजण मग दुसराच आयएमईआय टाकून देतात. तो दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न फक्त वेगाचा नाही

ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांनी ३जी बंद केलं, तेव्हा अनेक फोन ४जीवर साधे कॉल करत होते, पण ‘०००’ या आपत्कालीन क्रमांकासाठी त्यांच्या फर्मवेअरमध्ये ३जीच लिहिलेलं होतं. एरवी चांगला चालणारा फोन नेमका जिवावर बेतलं की गप्प बसणार! म्हणून ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून असे फोन नेटवर्कवरून काढून टाकणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि परदेशातून आणलेले बरेच धडधाकट फोन त्यात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅमसंगच्या आणखी काही जुन्या मॉडेल्सचा दोष समोर आला. नेहमीचं नेटवर्क नसेल, तेव्हा ते आपत्कालीन कॉलसाठी व्होडाफोनचं बंद झालेलं ३जी शोधत. बहुतेकांना अपडेट पुरेसं ठरणार होतं. गॅलेक्सी एस६, एस७ यांसारखे बदलायलाच सांगितले गेले.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनाही याचा चटका बसतो. एटीअँडटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आणि चालणाऱ्या फोनची यादी काढली. भारतातून नेलेला फोन बँडने जुळत असला, तरी यादीत नसेल तर तिथे सिम चालेलच असं नाही. भारतात २जी अजून आहे, म्हणून आपल्याकडे ही वेळ आलेली नाही.

फोन घेण्याआधी काय बघावं?

खोक्यावरचं नाव नाही, मॉडेल क्रमांक बघावा. तो सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये असतो. त्या क्रमांकाने कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी मिळते. भारतासाठी ४जीचे ३, ५, ८, ४० आणि ५जीचा एन७८ असायला हवा. जिओच्या ५जीसाठी एन२८ असलेला उत्तम, आणि फोनला ‘स्टँडअलोन’ ५जी चालायला हवं. *#०६# दाबून आयएमईआय काढावा आणि ‘केवायएम’ या इंग्रजी अक्षरांपुढे तो लिहून १४४२२ वर एसएमएस करावा. काळ्या यादीतला किंवा नकली क्रमांक असेल तर कळतं.

फोन हातात असेल तर सर्वांत सोपी परीक्षा आपल्याच सिमची. वायफाय बंद करून कॉल लावावा आणि कॉल चालू असताना वरच्या कोपऱ्यात बघावं. ४जी किंवा व्होल्टीचं चिन्ह टिकून असेल तर ठीक. ते जाऊन २जीचं ‘ई’ आलं, तर विकणाऱ्याला मॉडेल क्रमांक विचारावा, आणि सॉफ्टवेअर मारायला होकार देण्याआधी पैसेही खिशातच ठेवावेत.