संमीलन ऊर्जा आणि पिळाचा प्रश्न

ज्यांनी नायगाव-परळच्या गिरण्यांत सूतखात्यात उमेदीची वर्षे घालविली, त्यांना सुताच्या बळाचे मर्म कोणी सांगावयास नको. कापूस तोच, तंतूही तेच. परंतु पीळ सैल पडला की धागा टिकत नाही. नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागी आज उत्तुंग इमारती उभ्या आहेत. तेथील हे जुने ज्ञान आठवण्याचे निमित्त मात्र फार दूरचे, दक्षिण फ्रान्समधील ‘ईटर’ या संमीलन-यंत्राचे आहे.

सूर्याच्या गर्भातील हायड्रोजनचे संमीलन पृथ्वीवर घडवावयाचे, तर सुमारे १५ कोटी अंश तापमानाचा वायू कशालाही स्पर्श न होऊ देता चुंबकीय क्षेत्रात तोलून धरावा लागतो. त्या चुंबकांपैकी सर्वांत प्रबळ चुंबकांच्या तारा नायोबियम व कथील यांच्या संयुगाच्या असतात. उणे २६९ अंशांवर हे संयुग विजेला कसलाच विरोध करीत नाही. मात्र ते काचेसारखे ठिसूळ! म्हणून आधी तारा वळावयाच्या, त्यांची वेटोळी घालावयाची आणि मगच सुमारे ६५० अंशांच्या भट्टीत ते संयुग सिद्ध करावयाचे. मुख्य वेटोळ्यांच्या एका दोरात अशा ९०० तारा आणि तांब्याच्या ५२२ असतात. तीन तारांचा एक पीळ, अशा तीन पिळांचा पुन्हा पीळ, अशी ही वीण चढत जाते. आपल्याकडच्या दोरखंड वळणाऱ्यालाही ती अपरिचित वाटू नये.

मधल्या स्तंभाकार चुंबकाच्या दोराची २०१० नंतर स्वित्झर्लंडमध्ये कसोटी झाली, तेव्हा विद्युतप्रवाहाच्या वारंवार दाबाने त्याची क्षमता घटत असल्याचे आढळले. त्यावर उपाय सापडला तो नव्या धातूत नव्हे, तर पीळ अधिक घट्ट करण्यात.

डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून दोन दशकांत संमीलन ऊर्जा मुक्त करण्याची रीत सापडेल, असे भाकीत केले होते. ते फसले, आणि त्यास केवळ भौतिकशास्त्राची गहनता कारण नव्हती. साध्या गोष्टीही किती छळतात पाहा : २०२१ मध्ये ईटरच्या उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना तडे आढळले. चांदीचा मुलामा देताना सांध्यांपाशी अडकून राहिलेला क्लोरीनयुक्त अंश त्यांच्या मुळाशी होता.

या प्रकल्पात भारत २००५ पासून भागीदार आहे. त्याचे सुमारे ३,८५० टनांचे बाह्य निर्वात-पात्र लार्सन अँड टुब्रोने हजिरा येथे घडविले. हे कर्तृत्व निःसंशय मोठे. परंतु ते परिचित स्टेनलेस पोलादाचे. खरी परीक्षा अंतर्भागात आहे. कल्पाक्कम, गांधीनगर व हैदराबाद येथील संस्थांनी मिळून एक नवे पोलाद सिद्ध केले आहे. त्यात मॉलिब्डेनम व नायोबियम टाळून टंगस्टन व टँटलम घातले आहे, जेणेकरून त्यातील किरणोत्सर्ग लवकर ओसरावा. परंतु संमीलनातील वेगवान न्यूट्रॉनांचा वर्षानुवर्षांचा मारा ते सोसेल काय? तसा मारा करणारे यंत्र स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ उभारले जात आहे.

आजच्या विजेची भ्रांत असलेल्या देशाने हा खर्च का करावा, हा आक्षेप अनाठायी नाही. पण त्या पोलादाची कसोटी झाली नाही, तर त्यावर आजवर झालेला खर्चही वाया जाईल. ट्रिटियमसह ईटर चालू होण्याचे सध्याचे वर्ष २०३९ आहे. आपले नमुने ग्रॅनडाला पाठविण्याचा करार करावयाचा की तसे यंत्र येथे उभारावयाचे, याचा निर्णय तोवर थांबणारा नाही.