वाढीव खोलीचा पाया : चढ-उताराच्या जागेत चर कसा काढावा



गळीत हंगाम आटोपला, उसाचे पैसे हाती पडले, की चैत्र-वैशाखात घरालगत खोली वाढवायचे काम निघते. गावोगाव फिरताना जुनी भिंत आणि नवी खोली यांच्या सांध्यात बोटे जातील एवढी फट आम्हांस पुष्कळ घरांत दिसते. बोल गवंड्याला लागतो. पण दोष बहुधा पायाच्या चरात असतो.

आपल्याकडे शेतीची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरची भिंत तिच्याबरोबर हलते. पांढरीची गोष्ट निराळी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख, बुजलेली पेवे यांची ती भर. तापीकाठी प्रकाशे (पूर्वी धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार) आणि गिरणाकाठी बहाळ येथे १९५० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. आपले गाव एवढे जुने नसले तरी चराच्या एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला पोकळ भर, हे होऊ शकते. म्हणून 'तीन फूट झाले, पुरे' असे म्हणू नये. पहार मारून पाहावी. सगळीकडे सारखा कठीण मुरूम लागेपर्यंत जावे. काळी फार खोल असेल तर साधा पाया चालत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब काढले आहेत. ते साडेतीन मीटर तरी खोल जातात. तेथे अभियंत्याला विचारल्यावाचून कुदळ मारू नये.

आता उताराचे. साक्रीकडे पांझरेच्या फडांचे पाट आपल्याच वाडवडिलांनी काढले, आणि आपणही सरीला पाणी द्यायचे तर इंचाचा उतार बघतो. घराचा चर मात्र नजरेने! पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांच्या खुंट्यांवर एकच पातळी घ्यावी आणि खोली तिथून मोजावी. काटकोनासाठी दोरीवर तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण धरावा. चराचा तळ जमिनीच्या उताराबरोबर तिरपा नेऊ नये, भिंत घसरते. तळ सपाट, टप्प्याटप्प्याने उतरवावा. टप्प्याची उंची काँक्रीटच्या जाडीपेक्षा जास्त नको, आणि वरचा थर खालच्या थरावर त्या उंचीच्या दुप्पट तरी चढलेला हवा.

सर्वांत जपायचे ते जुन्या भिंतीला. जुन्या घराचा पाया अनेकदा हात-दीड हातच असतो. त्याला लागून खोल चर सलग उघडला, की त्याखालची माती चरात सुटते आणि भिंत मागोमाग येते. आधी कोपऱ्यात खड्डा घेऊन जुना पाया कुठवर आहे ते पाहावे. नवा चर त्याहून खोल जाणार असेल, तर जेवढा जास्त खोल तेवढा तरी भिंतीपासून दूर सरकवावा. जागाच नसेल तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खोदून, भरून, मगच मधले उघडावेत.

आणि खोदणाऱ्या माणसांचे. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते, म्हणजे उसाची भरलेली गाडीच. कमरेपर्यंत गाडलेल्या माणसालाही ती सोडत नाही. पाच फुटांपलीकडे चर गेला की फळ्या आणि आडवे टेकू लावल्याशिवाय कोणी आत उतरू नये. काढलेली माती काठापासून पाच फूट तरी दूर टाकावी. तिच्यावर ट्रॅक्टर आणू नये, पोरांना काठावर बसू देऊ नये. टेकूंचा खर्च वाचवणारा मुकादम आम्हांस मुळीच पसंत नाही.

चर उघडा ठेवून लग्नाला जाऊ नका. वळवाचा पाऊस तळ मऊ करतो. पाया भरल्यावर बाजूंना काळी माती परत लोटू नये, मुरूम घालून धुम्मस करावी. नवी भिंत जुनीला दगड अडकवून जोडू नये. मध्ये अर्धा-एक इंच फट ठेवून वरून पत्र्याची पट्टी झाकावी, म्हणजे दोन्ही भिंती आपापल्या जागी हलतील. पागोळ्यांचे पाणी सांध्यात न मुरता उताराकडे निघून जाईल, एवढा फरशीला ढाळ पहिल्या पावसाआधी द्यावा.