दादऱ्यातून केरव्यात

गेल्या आठवड्यात हेडफोन लावून एकच तुकडा मी दहा-बारा वेळा ऐकला. जेमतेम सव्वा मिनिटाचा. १ जून १९६४, लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. बीटल्स ‘आय’ल बी बॅक’ बसवतायत. जॉन लेननने गाणं सहा मात्रांच्या झुलत्या वजनात धरलंय. आपल्याकडचा तबलजी शेजारी असता तर त्याने न विचारता दादरा लावला असता. सुरुवात छान जाते. मधल्या भागात आल्यावर शब्द मात्रांत मावेनासे होतात, जीभ अडखळते आणि गाणं कोसळतं. हे गायला फार अवघड आहे, असं लेनन म्हणतो. लगेच पुढचा टेक. चाल तीच, शब्द तेच, पण वजन आता सरळ चार-चारचं, केरव्याच्या अंगाचं. आणि गाणं चालायला लागतं.

हे दोन्ही टेक ‘अँथॉलॉजी १’ या संग्रहात आहेत. नोव्हेंबर १९९५ मध्ये निघालेल्या या दोन सीडींच्या संचात १९५८ ते १९६४ या काळातली बीटल्सची बहुतेक अप्रकाशित ध्वनिमुद्रणं आहेत, आणि निवड त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी केलेली. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मदतनीस होतो. स्पूल चढवायचा, मायक्रोफोनच्या वायरी गुंडाळायच्या, प्रत्येक टेकचा क्रमांक वहीत लिहायचा, हे माझं काम. त्यामुळे इतरांना या संग्रहात बीटल्स ऐकू येतात, तेव्हा मला आधी काचेपलीकडची खोली ऐकू येते. कोण थांबलं, कुणी कुणाकडे पाहिलं असेल, पुढच्या टेकमध्ये काय गळालं.

१९६३ च्या ऑक्टोबरपर्यंत ईएमआयमध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकवर होत असे. ढोबळमानाने वाद्यं एका ट्रॅकवर, आवाज दुसऱ्यावर. म्हणजे एकाची चूक झाली की चौघांनी पुन्हा पहिल्यापासून. ५ मार्च १९६३ चं ‘वन आफ्टर नाइन-ओ-नाइन’ ऐका. गाणं तीनदा मोडतं, पॉल मॅकार्टनीकडे बेस वाजवायला पिकच नाही आणि लेनन वैतागतो. गाणं त्या दिवशी जमलं नाही. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि थेट १९६९ मध्ये, लंडनमधल्या आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर वाजवलं. चांगली चाल सहा वर्षं थांबू शकते, हे मी वहीत क्रमांक लिहिताना शिकलो नव्हतो. ते इथे शिकलो.

‘लव्ह मी डू’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. ६ जून १९६२ ला ईएमआयमध्ये ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं तेव्हा ड्रमवर पीट बेस्ट होता. मधल्या भागात तो ठेका बदलतो आणि अख्ख्या गाण्याची लय डळमळते. तिथे कान लावलात तर पुढे काय झालं ते कुणी सांगायची गरज उरत नाही. ऑगस्टमध्ये बेस्ट गेला. ४ सप्टेंबरला रिंगो स्टारबरोबर तेच गाणं पुन्हा झालं. त्यावरही समाधान झालं नाही म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट या बाहेरच्या वादकाला बोलावलं आणि रिंगोच्या हातात टँबुरिन दिलं. एक साधं गाणं, तीन ड्रमवादक. रिंगोला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार मी आजही करतो.

१ जानेवारी १९६२ ची डेक्का कंपनीतली चाचणी त्याआधीची. त्या दिवशी पंधरा गाणी वाजवली, त्यातली पाच या संग्रहात आहेत. आवाज ताणलेले, सगळे जपून गाणारे. कंपनीने नकार दिला. मला तो नकार समजतो. त्या टेपवर जे आहे त्यावरून पुढचं कुणी ओळखलं नसतं.

‘अँड आय लव्ह हर’ मात्र दोनदा ऐकावं असं. संग्रहातल्या टेकमध्ये पूर्ण ड्रमसेट आहे, विजेची गिटार आहे, मधला तुकडा अजून रचलेलाच नाही. गाणं जड वाटतं. दोन दिवसांत ड्रम गेले, त्यांच्या जागी बाँगो आले, गिटार साधी झाली. वाद्यं काढून घेतल्यावर गाणं मोकळं झालं.

एक तक्रार आहे. काही ठिकाणी वेगवेगळे टेक जोडून एक केलेत, काही ठिकाणी गाणं कापून लहान केलंय. १९५८ मध्ये लिव्हरपूलच्या पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत, बीटल्स अजून ‘क्वॉरीमेन’ होते तेव्हा, तबकडीवर ध्वनिमुद्रित झालेलं ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ मूळ जवळपास साडेतीन मिनिटांचं. संग्रहात ते पावणेतीन मिनिटांवर आणलंय. दस्तऐवज म्हणून द्यायचं तर तो पूर्ण द्यावा. कंटाळवाणं कडवंही त्या मुलांचंच होतं.

आणि ती तबकडी उरली कशी? प्रत एकच होती. ती पोरांनी आपसात फिरवली आणि शेवटी पियानो वाजवणाऱ्या जॉन लो याच्याकडे राहिली. १९८१ मध्ये मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली. बेस्टने वाजवलेलं ‘लव्ह मी डू’ सगळ्यांनी गेलं असंच धरलं होतं. त्याची तबकडी मार्टिन यांच्या पत्नीला घरात सापडली. सप्टेंबर १९६२ च्या सत्रांच्या मूळ टेप तर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नष्ट झाल्या. एकदा मास्टर तयार झाला की बाकीचं कुणाला हवं होतं?

आम्हीही तेच केलं. स्पूल महाग, म्हणून चांगला टेक ठेवायचा आणि उरलेल्यांवर पुढचं गाणं. एका वयस्कर गायिकेने भावगीताचा पहिला टेक वेगळ्याच, संथ लयीत घेतला होता. संगीतकाराने लय वाढवली, तिसरा टेक पास झाला, आणि पहिला मी माझ्या हाताने पुसला. बाई आता नाहीत. बाजारात आली ती कॅसेट चांगली आहे, पण त्या पहिल्या अंतऱ्यात ‘रे’ म्हणताना त्या जिथे थांबल्या होत्या, ते ठिकाण आता फक्त माझ्या कानात आहे.

तुमच्या घरात, माळ्यावर, एखाद्या नाटकाच्या तालमीची, भजनी मंडळाच्या सरावाची, कॉलेजच्या ऑर्केस्ट्राची जुनी कॅसेट असेल. तिच्यावर चुका असतील, मधेच कुणी खोकलं असेल, चहा आल्याचा आवाज असेल. कृपा करून ती टाकू नका. जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या, आणि वर कोण गातंय, कधीचं आहे, एवढं चिठ्ठीवर लिहून ठेवा.