किनाऱ्याची माणसं (७) : दोन खांबांमधलं अंतर

या आठवड्यात वाढवणला जायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेस. ठाण्याच्या एका वाचकांनी गेल्या लेखावर विचारलं आहे, "कोळ्यांची होडी फार तर पाच मीटर रुंद. मग सागरी किनारा मार्गाच्या खांबांत ६० मीटर जागा मिळत असताना वरळीकरांनी १६० मीटरचा आग्रह का धरला?"

प्रश्न रास्त आहे. मुंबई महापालिकेचंही हेच म्हणणं होतं. पण होडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी सरळ चालेल असं धरलं, तरच हा हिशेब बरोबर ठरतो. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या होडीला खालून ओहोटीची ओढ असते, बाजूने वारा असतो. नाक जिकडे धरावं तिकडे ती जात नाही. तिरकी सरकत राहते, आणि तिरक्या होडीला तिच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. खांबावर आपटून परतलेली लाट समोरून येणाऱ्या लाटेला भिडते, त्यामुळे खांबांच्या आसपासचं पाणी कायम खवळलेलं. तिथेच इंजिन बंद पडलं तर? समोरून दुसरी होडी आली तर? वारा फिरला की सगळे एकाच वेळी घराकडे वळतात, तेही याच वाटेने, कारण आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. त्याच्या खांबांचा अनुभव कोळीवाड्याच्या गाठीशी होताच.

म्हणजे १६० हा आकडा रोजच्या ये-जा करण्यातून आलेला होता. त्यासाठी कोळ्यांनी होड्या समुद्रात आडव्या घातल्या, तिथलं काम थांबवलं. अखेर १२० मीटरवर तडजोड झाली आणि सातव्या व नवव्या खांबांमधला आठवा खांब आराखड्यातून गेला. रस्ताच नको, असं कोळीवाडा म्हणत नव्हता. आपली वाट मोकळी ठेवा, एवढंच त्याचं मागणं होतं. नकाशा काढण्याआधी बंदरावर जाऊन विचारलं असतं, तर या वादात गेलेली वर्षं वाचली असती असं मला ठामपणे वाटतं.

पण खांबांच्या या चर्चेत बायकांचं नुकसान मागे पडलं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कोयतीने कालवं फोडायची, तिसऱ्या वेचायच्या, हा त्यांचा रोजगार. त्याला ना होडी लागते, ना परवाना. म्हणून सरकारी कागदावर तो सहसा दिसतही नाही. या मार्गासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव पडला. आराखड्यातला खांब वगळता आला, पण भरावाखाली गेलेला खडक परत मिळत नाही. नुकसानभरपाई मोजताना होडी आणि जाळ्यांइतकंच कालवांच्या कोयतीलाही धरलं पाहिजे.

वाढवण पुढच्या आठवड्यात. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या नियोजित बंदराला नकार दिला, त्या काळच्या आठवणी पालघर-डहाणूच्या वाचकांपैकी कुणाकडे असतील तर जरूर लिहून पाठवा.