जुन्या कॅसेटी आणि नवा संगणक

१९७६ साली जपानात अवतरलेल्या व्हीएचएस पद्धतीने आणि १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे आलेल्या रंगीत दूरदर्शनने मध्यमवर्गीय कुटुंबांत जी नवी चाल पाडली, तिचे अवशेष लग्न, मुंज, बारसे अशा चिठ्ठ्या डकवलेल्या कॅसेटींच्या रूपाने अनेक घरांतील कपाटांच्या वरच्या खणांत आजही पडून आहेत. आणि १९९५ नंतर आलेल्या, तळहातावर मावणाऱ्या मिनीडीव्ही कॅसेटींनीही पुढे त्याच खणाचा आश्रय घेतला. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा जी यंत्रे हयात आहेत तेवढ्यांवरच आता भिस्त. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट हवेत फितीवर धरणारी बुरशी कोणालाही मुदतवाढ देत नाही. या कॅसेटींवरील चित्र संगणकात उतरवून घेण्याची तजवीज लौकर करावी, हे सर्वांनाच मान्य आहे; घोटाळा सुरू होतो तो ते उतरवण्याचे साधन नव्या संगणकाला जोडू गेल्यावर.

सर्वसाधारण समज असा की, सारी अडचण केबलच्या टोकाची आहे आणि योग्य टोकाचा अ‍ॅडाप्टर बाजारातून आणला की काम फत्ते. वस्तुतः टोकांचा प्रश्न गौण असतो. चित्र उतरवून घेणारे हे साधन, म्हणजे कॅप्चर कार्ड, आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा जो छोटासा प्रोग्राम दुभाष्याचे काम करतो, तो त्या त्या काळच्या कार्यप्रणालीपुरताच नेमलेला असतो. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर बहुधा ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला असतो. ६४-बिट विंडोज तो स्वीकारीत नाही, शिवाय व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरीची सक्ती आली. आणि तोवर ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीने एक तर गाशा गुंडाळलेला असतो, नाही तर जुन्या गिऱ्हाइकांसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात तिला स्वारस्य उरलेले नसते. उपकरण धडधाकट, केबल शाबूत, पण दुभाष्या बरखास्त, अशी ही अवस्था होय.

याउलट जी उपकरणे यूएसबी व्हिडिओ क्लास या सार्वजनिक मानकाप्रमाणे चालतात, त्यांना निर्मात्याच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. खरेदी करताना विचारावयाचा पहिला प्रश्न तोच. ‘इझीकॅप’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, यूएसबीत खोचायच्या डोंगलांचे बाह्य रूप एकच असले, तरी त्यांच्या पोटात निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा आढळतात, आणि एकाच्या घरी चाललेले साधन शेजाऱ्याच्या घरी मुके का राहते, याचे उत्तर बहुतेक वेळा तेथेच सापडते. लिनक्सकडे अशा पोरक्या यंत्रांना आसरा देण्याचा जुना रिवाज आहे: बीटी८७८ या चिपवर चालणाऱ्या नव्वदच्या दशकातील टीव्ही कार्डांचा ड्रायव्हर त्यात अद्याप नांदतो, फक्त ते कार्ड बसेल अशी पीसीआय खाच असलेला मदरबोर्ड मिळवावा लागतो.

मिनीडीव्हीची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी आहे, आणि लोकांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. या कॅसेटीवर चित्र मुळातच अंकांच्या रूपाने नोंदलेले असते, सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट या वेगाने. ते फायरवायर नावाच्या जोडणीतून संगणकात आणले तर अंकास अंक जसेच्या तसे उतरतात, तासाला सुमारे १३ गिगाबाइट. एवढेच नव्हे, तर चित्रीकरणाची तारीख आणि वेळही त्याबरोबर येते. तेच चित्र पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांच्या केबलमधून डोंगलात सोडले, की उत्तम अंकीय प्रत आधी ॲनालॉग होते, मग निकृष्ट चिप तिचे पुन्हा अंक करते, आणि तारीख-वेळ वाटेतच गळून पडते. पुष्कळ कॅमेऱ्यांवर यूएसबीचेही छिद्र असते. ते बहुधा स्थिरचित्रांसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी ठेवलेले असते, त्याच्या नादी लागू नये. एका टोकाला फायरवायर व दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली जी स्वस्त केबल विकली जाते, ती तर कॅमेऱ्याच्या कामी शुद्ध फसवणूक आहे, कारण यूएसबीत सारा व्यवहार संगणकाच्या हुकमाने चालतो आणि फायरवायरमध्ये सर्व उपकरणे बरोबरीच्या नात्याने बोलतात. नुसत्या तारा एकमेकींना जोडल्याने हा भेद मिटत नाही.

मेजावरच्या संगणकात पीसीआय एक्स्प्रेस प्रकारचे फायरवायर कार्ड बसवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. मॅकवाल्यांना मात्र थंडरबोल्ट ३ वरून थंडरबोल्ट २, त्यावरून फायरवायर ८०० आणि तेथून फायरवायर ४००, अशी साखळी गुंफावी लागते. ती दिसते विचित्र, पण चालते. चालत असे, असे म्हणणे आता अधिक बरोबर: ज्या अ‍ॅपलने १९८६ पासून ही जोडणी जोपासली, त्याच अ‍ॅपलने सप्टेंबर २०२५ मधील मॅकओएस टाहोतून तिचा आधार काढून घेतला, म्हणून हे काम पूर्ण होईपर्यंत जुनी आवृत्ती बदलू नये. लिनक्समध्ये फायरवायरची देखभाल २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचा मनोदय जाहीर झालेला आहे. जोडताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते, ते उलटे दडपले तर कॅमेऱ्यातील चिप जळते, म्हणून दोन्ही यंत्रे बंद असतानाच केबल लावावी.

व्हीएचएसकडे परत यायचे, तर तेथे वेगाची चिंता नको. ७२० बाय ५७६ बिंदूंचे, आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र काहीही न दाबता घेतले, तरी सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट भरतात आणि यूएसबी २.० ते सुखाने वाहून नेते. खरा शत्रू म्हणजे फितीची थरथर. झिजलेल्या फितीवरील रेषा ठरलेल्या क्षणी पोहोचत नाहीत, जुना टीव्ही ते निमूटपणे सोसतो, पण आधुनिक चिप गोंधळून फ्रेमच्या फ्रेम गाळते. चांगल्या व्हीसीआरमधील टाइम बेस करेक्टर किंवा मध्ये जोडलेला एखादा योग्य डीव्हीडी रेकॉर्डर हा दोष बराचसा निस्तरतो. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेल्या कॅसेटी बहुधा ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, तेव्हा त्यांच्यासाठी व्हीसीआर आणि सॉफ्टवेअर या दोहोंतील मांडणी बदलावी लागते. नाही तर चित्र कृष्णधवल किंवा वेडेवाकडे येते, आणि लोक उगाच कॅसेटीला दोष देत बसतात.

माझे स्वतःचे मत असे की, ज्याच्या घरी वीस-पंचवीसहून अधिक कॅसेटी आहेत त्याने नव्या संगणकाची मनधरणी करण्यात दिवस न घालवता, फायरवायरचे छिद्र असलेला एखादा जुना लॅपटॉप भंगारात जाण्यापूर्वी हस्तगत करावा, इंटरनेटपासून तोडून त्यास याच एका कामावर नेमावे, आणि तयार झालेल्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून नव्या संगणकाच्या स्वाधीन कराव्यात. त्या आधी व्हीएचएस कॅसेटीच्या पाठीवरचा लहानसा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकावा आणि मिनीडीव्हीची खिट्टी सरकवावी, म्हणजे रेकॉर्डचे बटण चुकून दाबले गेले तरी मूळ चित्र पुसले जाणार नाही.