मोटारीची कांती

जयपूर हे रंगासाठी नावाजलेले शहर. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीला १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी गुलाबी रंग देण्यात आला, आणि 'गुलाबी शहर' हे नाव तिला कायमचे चिकटले. भिंतीचा रंग विटला, तर तिच्यावर पुन्हा हात फिरविता येतो. मोटारीच्या रंगाचे तसे नाही. त्यावरचे बारीक ओरखडे नाहीसे करावयाचे, तर बहुधा काही भर घालून नव्हे, तर आहे त्यातलेच थोडे घासून काढून ते करावे लागतात. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे मोटार धुण्याचे क्षुल्लक वाटणारे काम किती जपून करावयास हवे, ते कळून येते.

उन्हाळ्यात राजस्थानात 'आँधी' उठते, आणि सकाळी पाहावे तो दारातील मोटारीवर धुळीचे पूट चढलेले असते. मालक कोरडे फडके घेतो आणि ती धूळ पुसून काढतो. मोटार स्वच्छ दिसते. पण अपकार तेवढ्यात होऊन गेलेला असतो. या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण मुबलक असतात. मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने लावलेल्या काठिण्याच्या श्रेणीत गारगोटीचा क्रमांक ७ आहे, काच ५.५ च्या आसपास येते, आणि मोटारीचा रंग तर काचेहून कितीतरी मऊ. कोरड्या फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण हा जणू एक सूक्ष्म छिन्नीच होय.

आता रंग म्हणजे काय ते पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे चार थर असतात. तळाशी गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक थर, ज्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १४० मायक्रॉन भरते, आणि त्यात पारदर्शक थराचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मोटारीची सारी झळाळी याच थराची, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो.

उन्हात काळ्या मोटारीकडे पाहिले, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. फडके गोल फिरविल्यामुळे ती उमटली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशकिरणांना आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि म्हणून प्रकाशाभोवती वर्तुळाचा भास होतो. फडके सरळ फिरविल्याने ओरखडे टळत नाहीत. ते टळतात केवळ कण दूर केल्याने.

दुसरा शत्रू म्हणजे जड पाणी. कूपनलिकेच्या अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. भर उन्हात धुतलेल्या मोटारीवरचे थेंब वाळतात आणि क्षारांचे पांढरे डाग मागे उरतात. ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने विरघळतात. तेथे लगेच स्वच्छ पाणी सोडावे. जुने डाग मात्र थरात रुततात आणि तेथे पॉलिशवाचून इलाज उरत नाही.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे परीक्षा. ओरखड्यावरून नख हलकेच आडवे फिरवावे. नख अडकले, तर ओरखडा खोल आहे. तो घासून काढण्याचा हट्ट धरू नये, रंगाचा बारीक ठिपका भरून तो झाकावा. नख अडकले नाही, तर पॉलिशने काम होते. मोटार आधी नीट धुऊन वाळवावी आणि सावलीत, थंड पत्र्यावर, वीतभर जागेत सर्वांत सौम्य पॉलिश मऊ गादीने लावून पाहावे. तेवढ्याने भागले, तर अधिक खरखरीत रबिंग कंपाउंडला हात लावू नये. लावावेच लागले, तर मागाहून बारीक पॉलिशचा हात दिलाच पाहिजे. जयपूरच्या जोहरी बाजारात ज्यांची विक्री होते ते पाचू याच न्यायाने तकाकी धारण करतात: जाड कणाने आकार, बारीक कणाने झळाळी. कडा आणि कोपरे येथे थर पातळ असतो. तेथे यंत्र चालवू नये. शेवटी तो भाग पातळ केलेल्या अल्कोहोलने पुसावा, कारण काही पॉलिशांतील तेल ओरखडे बुजवून ते गेल्याचा आभास निर्माण करते. मग वॅक्सचा हात द्यावा.

प्रत्येक पॉलिशसरशी पारदर्शक थराचे काही मायक्रॉन झिजतात. जुन्या मोटारींवरील एकेरी रंगात फडक्याला रंगच लागे, आणि झीज डोळ्यांना दिसे. पारदर्शक थर झिजताना फडक्यावर काहीच दिसत नाही. दिसते ते एकदम शेवटी, जेव्हा थराचे पापुद्रे सुटू लागतात. त्यावर पुन्हा रंगविण्यापलीकडे उपाय नाही. वर्षातून दोनदा मोटार चमकवून घेणारा मालक रोगापेक्षा औषधच जालीम करून ठेवतो.

खरा उपाय धुण्यातच आहे. प्रथम पाण्याची धार किंवा बागेतल्या फवाऱ्याचे तुषार सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक मोटारीसाठीच्या साबणाची व दुसरी साध्या पाण्याची. फडके दर वेळी साध्या पाण्यात खंगाळूनच साबणात बुडवावे. वरून खाली यावे, चाके शेवटी धुवावीत आणि त्यांचे फडके वेगळे ठेवावे. कपड्यांच्या साबणाने वॅक्स निघून जाते.

यास पाणी फार लागेल, ही शंका रास्त आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत नौकानयन झाले तो जयपूरजवळचा रामगढ तलाव पुढे कोरडा पडला, आणि आज शहर टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणाच्या पाण्यावर विसंबून आहे. अशा ठिकाणी नळी मोकळी सोडणे अपराधच ठरेल. पण फवारा आणि दोन बादल्या यांना पाणी थोडेच पुरते. पहाटे येऊन एकाच बादलीत, एकाच फडक्याने ओळीने मोटारी पुसणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. परंतु त्याला दुसरी बादली आणि चार स्वच्छ फडकी कोणी दिलेली नसतात. तेवढा खर्च मालकाने केला, तर पॉलिशवाल्याकडे जाण्याचा प्रसंग क्वचितच येईल.