काळी माती, पांढरा कापूस आणि आपली कातडी

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या शिवारात कापूस वेचणीच्या दिवसांत उभे राहा. खाली काळी जमीन, वर हिरवी पाने आणि त्यांत फुटलेली पांढरी बोंडे. तिघांवर पडणारे ऊन एकच, मग रंग तीन कसे?

उन्हात सर्व रंग मिसळलेले असतात, हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने सिद्ध करून १६७२ साली प्रसिद्ध केले. पान तांबडा व निळा प्रकाश बराचसा शोषून घेते आणि हिरवा परत पाठवते. काळी माती बहुतेक सारेच गिळते. म्हणून तर दुपारी अनवाणी पायांना चटके बसतात! कापसाची गोष्ट अधिक गमतीची. त्याच्या तंतूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. बारीक तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश वेडावाकडा विखुरतो. सगळेच रंग सारखे विखुरल्याने आपल्याला पांढरे दिसते. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पाहा. फटींत हवेऐवजी पाणी शिरले, की पांढरेपणा ओसरतो.

आता कापूस वेचणाऱ्या हातांकडे पाहू. हाताची पाठ सावळी, तळवा मात्र फिका. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवतात. तळव्यावर या पेशी विरळ असतात. पण गोऱ्या व काळ्या माणसाच्या पाठीवरची त्वचा तपासली, तर रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच भरते! फरक असतो तो मेलॅनिन किती, कोणत्या प्रकारचे आणि त्याचे कण केवढे, एवढाच.

मेलॅनिन अतिनील किरण शोषून पेशीच्या केंद्रकावर जणू छत्री धरते. तलवाडा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य तेथे बरोबर माथ्यावर येतो. अशा प्रदेशात ही छत्री हवीच. उत्तर युरोपातील मंद उन्हात मात्र ड जीवनसत्त्व तयार होण्यास फिकी कातडी सोयीची. वर्ण अनेक जनुके मिळून ठरवतात. त्यांपैकी ‘एसएलसी२४ए५’ या जनुकाचे काम २००५ साली झेब्रा माशावरील संशोधनातून उलगडले. त्याचा फिका वर्ण देणारा प्रकार भारतीयांत आणि युरोपीयांत एकाच मुळापासून आला आहे, असे हैदराबादच्या ‘सीसीएमबी’तील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या अभ्यासात २०१३ साली दिसून आले. स्थळ पाहताना ‘मुलगी उजळ आहे ना?’ असे विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

कधी शरीराची प्रतिकारयंत्रणाच रंगपेशींचा नाश करते आणि पांढरे डाग उमटतात. हेच कोड. कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. ते जंतूंमुळे होत नाही. एका बाकावर बसून किंवा एका ताटात जेवून ते दुसऱ्याला होत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड उठते, हाही निव्वळ गैरसमज. मात्र त्या डागांवर मेलॅनिनची छत्री नसल्याने ते उन्हात लवकर भाजतात. तेव्हा गुरुजनांनी कवायतीच्या तासाला अशा विद्यार्थ्याला लांब बाह्यांचा सदरा घालू द्यावा.